आयईएलटीएस स्पीकिंग: आवडत्या पदार्थाबद्दल बोलायचं कसं?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याच्या भागाची तयारी करणारे बहुतेक जण अवघड विषयांची धास्ती घेतात. पर्यावरण, तंत्रज्ञान, जाहिराती वगैरे. खाण्यापिण्याचा विषय आला तर सुटलो, असं वाटतं. पण मी परीक्षा दिली तेव्हा आणि नंतर ओळखीतल्या मुलामुलींचा सराव घेताना उलटंच दिसलं. ‘तुमचा आवडता पदार्थ कोणता?’ असं विचारलं की दोन वाक्यांत गाडी थांबते. पदार्थाचं नाव, मग ‘इट इज व्हेरी टेस्टी’, मग ‘आय लाइक इट व्हेरी मच’. पुढे शांतता.

याचं कारण सरळ आहे. रोजच्या बोलण्यात आपण पदार्थाचं वर्णन करतच नाही. समोरच्याने तो खाल्लेला असतो, त्यामुळे ‘मस्त झालंय’ एवढं पुरतं. परीक्षेत मात्र समोरच्याने तो पदार्थ कधी पाहिलाच नाही असं धरून बोलायचं असतं. त्याची सवय आधी लावून घ्यावी लागते.

१. परीक्षा नेमकी कशी असते

स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. आयईएलटीएसचा प्रकार अकॅडमिक असो की जनरल ट्रेनिंग, स्पीकिंग दोन्हींसाठी सारखंच. समोर खराखुरा परीक्षक असतो, काही केंद्रांवर तो व्हिडिओ कॉलवर असतो. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं.

पार्ट वन ४ ते ५ मिनिटांचा. आधी ओळखीचे प्रश्न, मग रोजच्या विषयांवर छोटे प्रश्न. खाणं हा विषय इथे वारंवार येतो. पार्ट टूमध्ये हातात एक कार्ड देतात. त्यावर विषय आणि त्याखाली काही मुद्दे असतात. तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं. पार्ट थ्री पुन्हा ४ ते ५ मिनिटांचा. त्यात पार्ट टूच्याच विषयाचा धागा पकडून व्यापक चर्चा होते. म्हणजे कार्डावर ‘तुम्ही बनवत असलेला एखादा पदार्थ’ आला, तर पार्ट थ्रीमध्ये लोकांच्या बदलत्या खाण्याच्या सवयींवर प्रश्न येतील, हे गृहीत धरा.

गुण चार गोष्टींना मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांचं वजन सारखं. समजा ७, ६, ६, ७ मिळाले तर स्पीकिंगचा बँड, म्हणजे सरासरी गुण, ६.५. या चारांत ‘माहिती खरी आहे का’ हा निकष कुठेही नाही. तुमची रेसिपी चुकीची असली, मिठाऐवजी साखर सांगितलीत, तरी गुण जात नाहीत. तुम्ही ते कशा भाषेत सांगता, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे खरा आवडता पदार्थ बोलायला अवघड असेल तर सोपा निवडा. कोणी घरी येऊन तपासणार नाही.

२. तयारीला काय लागेल

- मोबाइलमधला व्हॉइस रेकॉर्डर. हा नसेल तर सरावाला अर्थ नाही.
- टायमर. १ मिनिट आणि २ मिनिटं, दोन्ही लावता यावेत.
- पेन्सिल आणि कोरे कागद. पार्ट टूची टिपणं परीक्षेसारखीच काढायची.
- उच्चार ऐकवणारा ऑनलाइन शब्दकोश.
- एक वही, फक्त या विषयासाठी. दहाबारा पानं पुरतात.
- परीक्षेच्या दिवसासाठी नोंदणी करताना वापरलेलं ओळखपत्र, बहुतेकांच्या बाबतीत पासपोर्ट. तेच मूळ पुस्तक लागतं, झेरॉक्स चालत नाही. मुदत संपत आली असेल तर नोंदणीआधीच नूतनीकरण करून घ्या.

महागडी पुस्तकं किंवा ‘बँड नाइनची १०० उत्तरं’ अशा पीडीएफ या यादीत मुद्दाम नाहीत. का, ते पुढे येईलच.

३. पदार्थ एकच निवडा

सर्वांत मोठा सापळा यादीचा. ‘आय लाइक राइस, नूडल्स, पिझ्झा, सूप, आइसक्रीम…’ अशी नावं घेत गेलं की आपण खूप बोललो असं वाटतं. प्रत्यक्षात एकही वाक्य झालेलं नसतं. नामांच्या यादीत क्रियापद नाही, काळ नाही, कारण नाही. परीक्षकाने गुण द्यायचे कशाला?

एकच पदार्थ निवडा आणि निवडताना तीन गोष्टी पाहा. तो तुम्हाला बनवता येतो का, किंवा बनताना तरी पाहिलाय का? त्याच्याशी एखादी व्यक्ती किंवा प्रसंग जोडलेला आहे का? आणि त्यात लागणाऱ्या जिन्नसांची इंग्रजी नावं तुम्हाला येतात का? तिसरी अट लोक विसरतात. पंधरा मसाले पडणारा पदार्थ निवडतात आणि चौथ्या मसाल्याला अडकतात. ऑम्लेट, सूप, सँडविच, फळांचं सॅलड हे पदार्थ साधे आहेत, पण त्यांवर बोलता भरपूर येतं.

तुमच्या पदार्थाला इंग्रजी नावच नसेल तर? बिनधास्त मूळ नाव घ्या, पण त्याच वाक्यात त्याची ओळख करून द्या. साचा असा: तो कशाच्या जातीचा, कशापासून बनतो, कसा शिजतो, कशाबरोबर खातात. उदाहरणार्थ, ‘इट्स अ काइंड ऑफ थिन पॅनकेक, मेड फ्रॉम राइस फ्लॉअर, कुक्ड ऑन अ हॉट पॅन अँड सर्व्ह्ड विथ अ स्पायसी सॉस’. हे वाक्य जिभेवर बसेपर्यंत घोका. अख्खं वाक्य घोकायला मी एवढंच सांगतोय, कारण नाव घेतल्या घेतल्या ते म्हणावं लागतं आणि तिथेच लोक अडखळतात.

४. ‘टेस्टी’च्या पलीकडचे शब्द

‘टेस्टी’ आणि ‘डिलिशस’ चुकीचे नाहीत. ते फक्त काहीच सांगत नाहीत. वहीत तीन रकाने करा.

पहिला रकाना पोताचा, म्हणजे तोंडात काय जाणवतं त्याचा. ‘क्रिस्पी’ म्हणजे पातळ आणि कुरकुरीत, ‘क्रंची’ म्हणजे कच्च्या गाजरासारखं कडकडीत. ‘टेंडर’ म्हणजे सहज तुटणारं मऊ, ‘च्युई’ म्हणजे चिवट, ‘क्रीमी’, ‘ज्यूसी’, ‘फ्लफी’. आणि ‘सॉगी’, म्हणजे पाणी शोषून लिबलिबीत झालेलं. नावडत्या पदार्थाबद्दल विचारलं तर हा शेवटचा शब्द कामी येतो. मला तर वाटतं, हा एक रकाना नीट आला तरी शब्दसंपत्तीचं निम्मं काम झालं. कारण बाकीचे उमेदवार चवीबद्दल बोलतात, पोताबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरा रकाना चवीचा: ‘टँगी’ म्हणजे आंबटसर आणि तरतरी आणणारं, ‘बिटर’, ‘सॉल्टी’, ‘माइल्ड’ म्हणजे सौम्य, ‘रिच’ म्हणजे तूप-लोण्याने जड झालेलं, ‘ब्लँड’ म्हणजे मिळमिळीत, ‘सेव्हरी’ म्हणजे गोडाच्या उलट, तिखटमिठाचं. इथे एक काळजी घ्या. ‘हॉट’चा अर्थ गरमही होतो आणि तिखटही. तिखट म्हणायचं असेल तर ‘स्पायसी’ म्हणा.

तिसरा रकाना क्रियापदांचा. आपण सगळ्यालाच ‘कुक’ किंवा ‘प्रिपेअर’ म्हणून मोकळे होतो. ‘चॉप’ (चिरणं), ‘पील’ (सोलणं), ‘ग्रेट’ (किसणं), ‘स्टर’ (ढवळणं), ‘बॉइल’ (उकळणं), ‘सिमर’ (मंद आचेवर रटरटत ठेवणं), ‘स्टीम’ (वाफवणं), ‘स्प्रिंकल’ (भुरभुरणं). ‘बेक’ ओव्हनमधल्या केक-पावाला, ‘रोस्ट’ भाजी किंवा मांसाला. आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती ‘कुक’. ‘कुकर’ हे भांडं किंवा उपकरण. ‘माय मदर इज अ गुड कुकर’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं, सावध राहा.

आता नको ते शब्द. ‘गॅस्ट्रॉनॉमिक डिलाइट’, ‘डिलेक्टेबल’, ‘टँटलायझिंग’ असे जडजवाहीर शब्द पाठ करून मध्येच पेरले की ते कपड्याला लावलेल्या ठिगळासारखे दिसतात. आजूबाजूची वाक्यं साधी आणि एकच शब्द भरजरी, हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. त्याऐवजी लोक खरंच वापरतात ते प्रयोग घ्या: ‘आय हॅव अ स्वीट टूथ’, ‘आय’म अ फसी ईटर’, ‘इट मेक्स माय माउथ वॉटर’, ‘आय कुड ईट इट एव्हरी डे’.

५. पार्ट वन: तीन-चार वाक्यं, बस

इथे प्रश्न साधारण असे असतात: आवडता पदार्थ कोणता, लहानपणी काय आवडायचं, स्वयंपाक करायला आवडतो का, घरी खायला आवडतं की बाहेर, काय अजिबात आवडत नाही.

उत्तर एका शब्दात नको आणि भाषणही नको. उत्तर, कारण किंवा तपशील, आणि एखादी वेगळ्या काळातली गोष्ट, एवढं पुरे. ऑम्लेटचं उदाहरण घेऊ.

सुरुवातीला बहुतेकांचं उत्तर असं असतं: ‘माय फेव्हरिट फूड इज ऑम्लेट. इट इज व्हेरी टेस्टी अँड हेल्दी.’

आता हे पाहा: ‘प्रॉबब्ली ऑम्लेट्स. आय लाइक देम फ्लफी इन द मिडल अँड अ बिट क्रिस्पी अराउंड द एजेस. आय युजुअली मेक वन व्हेन आय गेट होम लेट, बिकॉज इट टेक्स फाइव्ह मिनिट्स.’

यात एकही अवघड शब्द नाही. पण पोत आला, सवय सांगणारा ‘युजुअली’ आला, ‘व्हेन’ आणि ‘बिकॉज’ यांनी जोडलेली वाक्यं आली. सुरुवातीच्या ‘प्रॉबब्ली’कडेही लक्ष द्या. प्रश्न पुन्हा म्हणून दाखवण्यापेक्षा (‘माय फेव्हरिट फूड इज…’) असं थेट सुरू केलं की बोलणं पाठ केलेलं वाटत नाही.

लहानपणाचा प्रश्न, समजा ‘लहानपणी सगळं आवडायचं का?’ असा, ही पर्वणी समजा. ‘आय यूज्ड टु…’ वापरायची संधी आयती मिळते: ‘नो, आय यूज्ड टु पिक आउट एव्हरी पीस ऑफ अन्यन अँड हाइड इट अंडर द प्लेट. नाउ आय पुट अन्यन्स इन एव्हरीथिंग.’ भूतकाळातली सवय आणि आजचा बदल, दोन्ही दोन वाक्यांत बसलं.

प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ म्हणा. कधीतरी असं विचारल्याने गुण कापले जात नाहीत. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

६. पार्ट टू: एक मिनिट कागदावर, दोन मिनिटं तोंडाने

खाण्याशी संबंधित कार्डांचे प्रकार मोजके आहेत: बनवायला आवडणारा पदार्थ, लक्षात राहिलेलं जेवण, आवडती खाण्याची जागा, नव्याने चाखलेला पदार्थ. एकाच पदार्थाची नीट तयारी झाली असेल तर यांतल्या बहुतेक कार्डांना तो वळवून वापरता येतो. शेवटचा मुद्दा बहुधा ‘आणि का ते सांगा’ अशा धर्तीचा असतो. त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा.

मिनिटभरात पूर्ण वाक्यं लिहायला गेलात तर दीड वाक्य होईल. शब्दच लिहा. समजा कार्ड आहे ‘तुम्हाला बनवायला आवडणारा पदार्थ’: कोणता, कोणाकडून शिकलात, कसा बनवता आणि का आवडतो. माझ्या सरावाच्या कागदावर अशा ओळी असायच्या (परीक्षेत अर्थात इंग्रजीत):

कॅरट सूप – सिंपल, ऑरेंज, थिक
सिस्टर – मूव्ह्ड आउट – फोनवरून शिकलो
चॉप / फ्राय / सिमर २० / ब्लेंड
यूज्ड टु हेट कॅरट्स!
पावसाळी संध्याकाळ – वाफ, वास
इफ: बिगर किचन → फ्रेंड्स

सहा ओळी, पण त्यांत एक युक्ती आहे. प्रत्येक ओळीचा काळ वेगळा आहे. पहिली वर्तमानकाळ, दुसरी भूतकाळ, तिसरी कृती, चौथी मोडलेली सवय, पाचवी नेहमीचं चित्र, सहावी ‘असं असतं तर’. ओळीवरून ओळीवर गेलं की व्याकरणाचा पल्ला आपोआप दिसतो, त्याची वेगळी काळजी करावी लागत नाही.

बोलताना सुरुवात अशी होऊ शकते: ‘द डिश आय एन्जॉय मेकिंग मोस्ट इज अ सिंपल कॅरट सूप. आय लर्न्ट इट फ्रॉम माय सिस्टर, ओव्हर द फोन, व्हेन आय फर्स्ट मूव्ह्ड अवे फ्रॉम होम. इट वॉज द ओन्ली थिंग शी ट्रस्टेड मी विथ.’

कृतीचा भाग: ‘यू चॉप अ फ्यू कॅरट्स अँड अन अन्यन, फ्राय देम जेंटली, ॲड वॉटर, अँड लेट इट सिमर अंटिल द कॅरट्स आर सॉफ्ट इनफ टु मॅश विथ अ स्पून.’

‘चमच्याने कुस्करता येतील इतकी मऊ’ हा तपशील बघा. ‘वेल कुक्ड’ म्हटलं असतं तरी अर्थ पोचला असता, पण या तपशिलामुळे ‘सॉफ्ट इनफ टु’ ही रचना आली आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चमचा आला. दोन मिनिटं भरून काढतात ते असले तपशील.

कृती मात्र लांबवू नका. ‘देन… देन… आफ्टर दॅट… देन’ असं पाऊण मिनिट चाललं की बोलण्याचा सूर सपाट होतो. कृतीला दोन-तीन वाक्यं द्या आणि बाकी वेळ माणसांना, वासाला, प्रसंगाला द्या. ‘द फनी थिंग इज, आय यूज्ड टु हेट कॅरट्स’ अशा वाक्याने वळण घ्या. ‘द फनी थिंग इज’, ‘व्हॉट आय लाइक मोस्ट अबाउट इट इज’, ‘लुकिंग बॅक’ असे तीन-चार सांधे पाठ असू देत. पूर्ण उत्तर पाठ नको.

काही शिकवण्यांमध्ये दोन मिनिटांचा अख्खा निबंध पाठ करून घेतात. त्यातला धोका असा की पाठांतर सुरू झालं की वेग वाढतो, सूर बदलतो, नजर वर जाते. परीक्षक हे रोज ऐकतात. शिवाय कार्डातला एखादा मुद्दा वेगळा निघाला तर पाठ केलेलं पुढे सरकत नाही. पाठ केलेल्या परिच्छेदानंतर पार्ट थ्रीमध्ये तुमची खरी भाषा बाहेर येते, आणि ती तफावत लपत नाही.

दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतो. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. वाक्य अर्धवट राहिलं तरी चालतं. मिनिटभरातच बोलणं संपलं तर मात्र कागदावरच्या न घेतलेल्या ओळीकडे वळा. म्हणून शेवटची ‘इफ’ची ओळ राखीव ठेवायची: ‘इफ आय हॅड अ बिगर किचन, आय’ड इन्व्हाइट ऑल माय फ्रेंड्स…’ इथून अर्धं मिनिट सहज निघतं.

७. पार्ट थ्री: आता ‘मी’ बाजूला ठेवा

इथे बरेच जण पार्ट वनच्याच सुरात बोलत राहतात. प्रश्न असतो ‘लोक घरी कमी स्वयंपाक का करू लागलेत?’ आणि उत्तर येतं ‘आय डोन्ट कुक बिकॉज आय ॲम बिझी’. इथे ‘लोक’, ‘तरुण पिढी’, ‘कुटुंबं’, ‘शहरांत राहणारे’ असे कर्ते हवेत. आणि ठाम विधानांपेक्षा थोडं मोजूनमापून बोललेलं बरं: ‘टेंड टु’, ‘प्रॉबब्ली’, ‘इन मेनी केसेस’, ‘नॉट नेसेसरिली’.

वरच्याच प्रश्नाचं एक उत्तर: ‘आय थिंक इट मोस्टली कम्स डाउन टु टाइम. पीपल हू स्पेंड टू अवर्स अ डे ट्रॅव्हलिंग टु वर्क टेंड टु पिक अप समथिंग ऑन द वे होम. हॅविंग सेड दॅट, कुकिंग व्हिडिओज हॅव प्रॉबब्ली मेड इट ईझियर फॉर यंग पीपल टु स्टार्ट.’ मत, कारण, मग दुसरी बाजू. दुसरी बाजू मांडली की उत्तराला उंची येते, आणि ‘हॅविंग सेड दॅट’ हा सांधाही वापरून होतो.

शब्द लागतील ते असे: ‘होम-कुक्ड फूड’, ‘टेकअवे’, ‘रेडी मील्स’, ‘प्रोसेस्ड फूड’, ‘बॅलन्स्ड डाएट’, ‘पोर्शन’, ‘सीझनल’, ‘फूड वेस्ट’. ‘होम फूड’ आणि ‘आउटसाइड फूड’ हे आपल्याकडचे प्रयोग आहेत, ते टाळा. बाहेर जाऊन खाण्याला ‘ईटिंग आउट’. ‘हॉटेल’ म्हटलं की इंग्रजीत राहण्याची सोय असलेली जागा डोळ्यांसमोर येते, जेवायला ‘रेस्टॉरंट’मध्ये जा. ‘नॉनव्हेज’ऐवजी ‘मीट’, ‘चिकन’, ‘फिश’ असं जे असेल ते नेमकं सांगा.

८. मराठी माणसाच्या हमखास चुका

लहानपणापासून खातोय. या वाक्याचं सरळ भाषांतर ‘आय ॲम ईटिंग इट फ्रॉम चाइल्डहुड’ असं होतं, आणि ते चुकतं. मराठीत ‘पासून’ असलं तरी वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत तिथे ‘आय हॅव बीन ईटिंग इट सिन्स आय वॉज अ चाइल्ड’ लागतं. खाण्याच्या विषयात हे वाक्य हटकून येतं, तेव्हा एवढं एक पक्कं करूनच टाका.

बाकीच्या पटकन: ‘वन ऑफ माय फेव्हरिट’नंतर ‘डिशेस’, एकवचन नाही. ‘आय लाइक सूप व्हेरी मच’, ‘आय लाइक व्हेरी मच सूप’ नाही. ‘आय प्रिफर टी टु कॉफी’, ‘दॅन’ नाही. कौतुक करताना ‘टू टेस्टी’ नको, ‘टू’मध्ये ‘नको इतकं’ असा भाव असतो. ‘राइस’ आणि ‘ब्रेड’ मोजले जात नाहीत, म्हणून ‘राइस इज’, आणि पाव मोजायचे तर ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’. पार्ट थ्रीत ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लावू नका.

उच्चारांचं थोडं वेगळं आहे. परीक्षक मराठी वळणासाठी गुण कापत नाही, शब्द कळला पाहिजे एवढंच. पण काही शब्द आपण मराठीत इतके मुरवून घेतलेत की तसेच तोंडून निघतात. ‘बाऊल’ नव्हे, ‘बोल’. ‘ओव्हन’ नव्हे, ‘अव्हन’. ‘ओनियन’ नव्हे, ‘अन्यन’. पीठ मळल्यावर होतो तो ‘डो’, त्यातल्या शेवटच्या अक्षरांना आवाज नाही. ‘पिझ्झा’ खरं तर ‘पीट्सा’च्या जवळ जातो. ‘सूप’ आणि ‘सोप’ यांत गफलत झाली तर तुम्ही साबण प्यायलात असं ऐकू जाईल. ‘डिझर्ट’ म्हणजे गोड पदार्थ, यात जोर दुसऱ्या भागावर. जोर पहिल्यावर दिला की वाळवंट होतं. ‘व्हेजिटेबल’मध्ये चार नाही, तीनच ठोके: ‘व्हेज्-ट-बल’, आणि शेवटी ‘टेबल’ अजिबात नाही. ‘व्हेजिटेबल’च्या सुरुवातीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वॉटर’ला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरशासमोर एकदा करून पाहा, फरक दिसेल.

९. सराव कसा करायचा

रोज अर्धा तास पुरतो, पण रेकॉर्ड करून. कार्ड घ्या, टायमर लावा, मिनिटभर टिपणं काढा, दोन मिनिटं बोला. मग ते ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं होतं, त्याला इलाज नाही. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधा. आज फक्त ‘टेस्टी’ किती वेळा आलं. उद्या कुठे कुठे थांबलो. परवा फक्त क्रियापदांचे काळ. सगळं एकदम तपासायला गेलात की काहीच सुधारत नाही.

त्यानंतर तोच विषय पुन्हा बोला, पण पहिली वाक्यं जशीच्या तशी येऊ देऊ नका. वेगळ्या जागेवरून सुरुवात करा: एकदा बहिणीपासून, एकदा वासापासून, एकदा ‘मला गाजर आवडायचं नाही’पासून. यामुळे विषय पक्का होतो, पण पाठांतर होत नाही.

आणखी एक बिनपैशाचा सराव. स्वयंपाक करताना किंवा कोणी करत असेल तेव्हा शेजारी उभं राहून इंग्रजीत समालोचन करा. ‘शी’ज पीलिंग द पोटेटोज. द ऑइल इज गेटिंग हॉट.’ घरचे हसतील, हसू दे. क्रियापदं वहीत लिहून बसत नाहीत तेवढी अशी बसतात. ‘ग्रेट’ आणि ‘स्टर’ डोक्यात शोधावे लागणार नाहीत, हाताची हालचाल दिसली की शब्द येईल.

१०. परीक्षेच्या दिवशी

स्पीकिंग लेखी परीक्षेच्याच दिवशी असेल असं नाही, मागेपुढे वेगळ्या दिवशीही असू शकतं. म्हणून वेळ आणि जागा ईमेलमध्ये नीट वाचा, लेखीचा पत्ता आणि स्पीकिंगचा पत्ता वेगळा असू शकतो. मोबाइल, घड्याळ, पिशवी बाहेर ठेवावी लागते. पार्ट टूसाठी कागद-पेन्सिल तिथेच देतात, आणि लिहिलेला कागद परत घेतात.

आत गेल्यावर परीक्षक वाटेल तितका गप्पिष्ट नसतो. तो ठरलेल्या चौकटीतच प्रश्न विचारतो, मान डोलावेल, पण ‘वा, छान’ म्हणणार नाही. मध्येच थांबवून पुढचा प्रश्न टाकेल. त्यावरून काही अंदाज बांधू नका. निकाल कसा लागेल हेही विचारू नका, तो सांगू शकत नाही.

बोलताना शब्द अडला तर मराठीत जाऊ नका, वळसा घ्या. किसणीचा शब्द आठवला नाही? ‘द थिंग यू यूज टु मेक कॅरट्स इनटु टायनी स्ट्रिप्स’ म्हणा. माहीत नसलेली वस्तू दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे शब्दसंपत्तीच्या निकषात जमेलाच धरलं जातं. आणि वाक्य चुकलं हे लगेच लक्षात आलं तर एकदा दुरुस्त करून पुढे चला. प्रत्येक चूक मागे जाऊन निस्तरायला लागलात तर ओघाचे गुण जातील.

पोटभर खाऊन जा. रिकाम्या पोटी जेवणावर दोन मिनिटं बोलणं फार कठीण जातं.